पिनबॉल आणि तिचे दोन दांडे

पिनबॉल एकट्याचा खेळ आहे, म्हणून मी तो धरला. बायको गेल्यावर माणसाला एकट्यानं करायच्या गोष्टी शोधाव्या लागतात. कुणी पेपर वाचतं, कुणी देवळाच्या पायरीवर बसतं. मी चौथीत शाळा सोडली, मला पेपर अक्षर जुळवत वाचावा लागतो. देवळात बसलं की येणारा-जाणारा विचारतो, "कशानं गेल्या वो?" त्याला काय सांगायचं आणि सांगून काय होणार? म्हणून दुपारची भाकर खाल्ली की शेअर रिक्षानं जालना रोडवरच्या मॉलमध्ये जायला लागलो. तिथं वरच्या मजल्यावर खेळायची मशीनं आहेत. मोटारीची, बंदुकीची, नाचायची. सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, एक पिनबॉल उभा आहे. त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. मला तेच पाहिजे होतं.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगतो. काचेखाली एक उतरती फळी असते. तुमच्या बाजूला उतार. एक लोखंडी गोळी असते, बेअरिंगमधल्या छऱ्यासारखी, पण मोठी. दट्ट्या ओढून सोडला की ती वर जाते, दिव्यांच्या ठोकळ्यांवर आपटत फिरते, मशीन टणटण करून आकडे वाढवतं. मग ती खाली यायला लागते. खाली दोन पाती असतात, दोन बाजूंच्या बटणांनी हलणारी. त्यांनी तिला परत वर फेकायचं. दोन पात्यांच्या मधून सुटली की गेली. एवढाच खेळ.

आमची ही जिवंत असताना एकदा या मशीनपाशी आली होती. नातवाच्या वाढदिवसाला कपडे घ्यायला मॉलमध्ये गेलो होतो. मी एक डाव खेळलो. ती शेजारी पिशव्या धरून उभी. गोळी वर जायची, खाली यायची, मी बटणं दाबायचो. शेवटी ती म्हणाली, "अवो, ही खालीच जाणार ना? मग कशापाई तिला वर मारायलेत?"

"खेळ हाय तो."

"कसला खेळ? समोर कुणी नाय न् काय नाय. भिताडाशी झोंबी."

आणि चालायला लागली. तिला हा खेळ खेळ वाटलाच नाही. तिचा खेळ वेगळा होता.

तिचा आणि माझा खेळ म्हणजे टेबल फुटबॉल. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये ते टेबल आहे. मी ज्या कंपनीत मशीनवर होतो, तिनं करमणुकीची खोली मोडली तेव्हा आम्ही चौघं-पाच जण टेबल टेम्पोत घालून घेऊन आलो. टेबलाला आरपार आठ दांडे असतात, चार आपले, चार समोरच्याचे. दांड्यांवर लाकडी बाहुले. मूठ धरून दांडा सरकवायचा, मनगटानं फिरवायचा, बाहुल्याच्या पायानं चेंडू मारायचा. दोघं विरुद्ध दोघं. एकानं पुढचे दोन दांडे धरायचे आणि गोल करायचा. दुसऱ्यानं मागचे दोन दांडे धरायचे आणि गोल होऊ द्यायचा नाही. मागचा माणूस पुढच्याच्या डाव्या हाताला उभा राहतो.

पहिल्यांदा आम्ही गडी माणसंच खेळायचो. जोरानं फिरकी मारायची, चेंडू टेबलाबाहेर उडायचा, हसायचं. पुढं गणपतीत स्पर्धा सुरू झाल्या. वाळूजच्या, चिकलठाण्याच्या जोड्या यायला लागल्या. मग नियम कळले. दांड्याची गरगर फिरकी मारायची नाही. चेंडू टाकण्याआधी समोरच्याला "तयार?" विचारायचं, तो "तयार" म्हणेपर्यंत थांबायचं. टेबल हलवायचं नाही. नियम आले आणि निम्मी मंडळी पळाली. उरले ते खरे खेळणारे.

ती त्यात आली ती माणूस कमी पडला म्हणून. चहा घेऊन आली होती. मी म्हटलं, "हे दोन दांडे धर, चेंडू आत जाऊ देऊ नको, बास." तिनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि उभी राहिली. तिचं माहेर फुलंब्रीकडचं. लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभी राहून पाखरं राखलेली. पाखरू कणसावर बसायच्या आधी हाकलायचं असतं, बसल्यावर हाकलून काय उपयोग, असं ती सांगायची. तसंच खेळली. चेंडू सुटायच्या आधीच तिचा बाहुला तिथं असायचा. त्या दिवसापासून मागचे दोन दांडे तिचे झाले.

आमच्या समोर कायम एकच जोडी. पुढं खुलताबादचा मिस्त्री, गवंडीकाम केलेला, मनगट असं की चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. मागं करमाडवाला, माझ्याच खात्यातला, तोंडाळ. मिस्त्री तिला भाभी म्हणायचा आणि सगळा जोर तिच्यावर काढायचा. ती अडवायची आणि म्हणायची, "मिस्त्री, जेवून या, मग मारा." तो कपाळाला हात लावायचा. "भाभी, तुम दीवार है क्या? मैं दीवारां बांधता, पर ऐसी नै देखी." आम्ही दोघं घरी एकमेकांशी फार बोलायचो नाही. चाळीस वर्षं झाल्यावर काय बोलणार, मीठ कमी, पाणी आलं, एवढंच. टेबलापाशी मात्र ती माझ्यावर ओरडायची. "पुढं बघा! कुणाची वाट बघायलेत?" तेवढं ओरडणं मला हवं असायचं.

मग ती आजारी पडली आणि गेली. त्याच्याबद्दल बोलणार नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी हॉलवर गेलो. मला घरात बसवत नव्हतं. मिस्त्री आणि करमाडवाला उठून उभे राहिले, जसा कुणी साहेब आला. मी म्हटलं, "बसा की. खेळायचं का?" दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. माझ्या जोडीला उभं राहायला कुणी पुढं आलं नाही. हॉलमध्ये आणखी चार-सहा जण होते, सगळे खाली बघत होते. मीच म्हटलं, "मी एकटा खेळतो." आणि माझ्या जागेवर, उजव्या बाजूला, उभा राहिलो.

पहिला डाव मी जिंकलो. दुसरा जिंकलो. मिस्त्रीच्या पायात चेंडू यायचा, समोर गोल, आणि हा माणूस चेंडू भिंतीला मारायचा. नाहीतर मागं करमाडवाल्याकडं द्यायचा. करमाडवाला असा हळू मारायचा की पोरगंही अडवेल. चेंडू कधी माझ्या गोलाजवळ थांबला तर करमाडवाला वाकून हात घालायचा आणि तो उचलून माझ्या बाहुल्यापाशी आणून ठेवायचा. जेवणात वाढावं तसा. दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग आला. मी मूठ सोडली आणि म्हटलं, "भीक घालायलेत का मला?"

करमाडवाला म्हणाला, "तसं नाय रं."

"मग कसं हाय?"

मी चप्पल घातली आणि निघालो. त्यानंतर मी पिनबॉल धरला.

मशीनला कीव येत नाही. ही त्याची पहिली चांगली गोष्ट. माझी बायको गेली हे त्याला माहीत नाही. गोळी मधून सुटायची तर सुटते. मला ते बरं वाटायचं. बऱ्याच दुपारी मी तिथं काढल्या. गोळी कुठं आपटली की कुठं येते हे हळूहळू कळायला लागलं. घाई केली की गेली. पात्याच्या टोकाशी येईपर्यंत हात आवरायचा. मग दाबायचं. हे टेबलावरही असंच असतं, हातात जोर असून चालत नाही, हात थांबला पाहिजे. तेवढ्यापुरते दोन्ही खेळ भाऊ-भाऊ आहेत.

बाकी ते वेगळे. पिनबॉलला धक्का देता येतो. तळहातानं मशीनला थोडं हलवलं की गोळी वाट बदलते. तेवढी मुभा आहे. जास्त हलवलं की मशीन ओळखतं, दिवे विझतात, बटणं मरतात, आणि गोळी तुमच्या डोळ्यांदेखत सरळ खाली जाते. एका दुपारी मला कशानं तरी तिची लई आठवण आली, घरून निघताना कपाट उघडलं म्हणून असेल, आणि मी त्या मशीनला दोन्ही हातांनी असा हिसका दिला की ते बंदच पडलं. तिथली बाई आली. म्हणाली, "काका, जोर नका लावू, ते रुसतं." मी म्हटलं, "रुसू दे." पण मला लाज वाटली. माणसाशी भांडलं तर तो उलटून बोलतो. मशीन नुसतं विझतं.

आणि उतार. पिनबॉलमध्ये समोर दुष्मन नसतो, उतार असतो. उतार कुणाशी वैर करत नाही आणि कुणाला सोडतही नाही. तुम्ही कितीही हुशार खेळा, तुम्ही फक्त उशीर करता. टेबल फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की चेंडू परत मध्ये येतो, परत "तयार?" विचारतात. पिनबॉल काही विचारत नाही. दट्ट्या तुम्हीच ओढायचा आणि गोळी तुमचीच जाणार. आकडा मोठा आला तर तो कुणाला दाखवायचा? मी एकदा मोठा आकडा काढला. मागं वळून पाहिलं. मागं नाचायच्या मशीनवर लोक नाचत होते.

तरी मी पिनबॉलला वाईट म्हणणार नाही. ज्याला काही दिवस कुणाचं तोंड बघायचं नाही त्याला तो चांगला. मी अजून कधीमधी जातो.

एका दुपारी मी खेळत होतो आणि मागून आवाज आला. "क्या भाई, इधर छुपे क्या?"

मिस्त्री होता. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सरकत्या जिन्याला भिऊन साध्या पायऱ्यांनी चढून आलेला, धापा टाकत. मी गोळी खाली जाऊ दिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सारी कॉलनी को मालूम. बोले, बुढ्ढा बच्चों के मशीन पे बैठता." त्यानं काचेतून आत पाहिलं. "इसमें क्या करते?"

मी दाखवलं. त्यानं दट्ट्या ओढला. गोळी वर गेली, एका ठोकळ्याला लागली आणि थेट मधून खाली. त्याची बोटं बटणावर पोचलीही नव्हती. "अरे! ये तो बिल्ली के माफिक निकल गई." मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, म्हणून आवरलं.

मग तो म्हणाला, "हॉल पे कायकू नै आरे?"

"तुमच्यासारख्या खोट्या खेळाडूंसंगं कोण खेळंल?"

"खोटे?"

"व्हय, खोटे. समोर गोल दिसतोय आन् चेंडू भिताडाला मारता. मला दिसत नाय व्हय? बायको माझी मेली, डोळे नाय गेले. मला कीव नको तुमची."

मिस्त्रीनं टोपी काढली, परत घातली. रागावला की तो असं करतो. "कीव? भाई, तुम दो दिन खेले. भाभी के डंडे को हात लगाया? एक बार बी?"

मी काचेवरचे बोटांचे ठसे बाहीनं पुसायला लागलो.

"नै लगाया. तुम अपनी जागा पे खडे, और वो दो डंडे वैसेच लटके हुए. गोल खुल्ला. मैं मारूं तो कैसा मारूं? खुल्ले घर में तो चोर बी खांस के जाता." त्याचा आवाज वर चढला होता, मोटारीच्या मशीनवरची दोन माणसं वळून बघायला लागली. "इत्ते साल मैं भाभी के सामने खडा हुआ. मैं दस शॉट मारूं तो नौ वो रोकती. अब रोकने कू कोई नै, तो मैं धडाधड मारूं? और जीतूं? शरम नै आती क्या मेरेको?"

तो खरं बोलत होता. मी त्या दांड्यांना हात लावला नव्हता. ठरवून नव्हे. माझा हात तिकडं गेलाच नाही. मी उजव्या बाजूला उभा राहायचो आणि डावी बाजू रिकामी ठेवायचो, आणि ती रिकामी आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मिस्त्रीला तेवढं एकच दिसत होतं.

आमच्याकडं माणूस जिथं जातं तिथं दिवा ठेवतात. पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. ती जागा कुणी ओलांडत नाही. पण दिवस झाले की दिवा उचलतात, जागा पुसून घेतात, आणि तिथंच परत कुणीतरी अंथरूण टाकतं. टाकावंच लागतं, घर लहान असतं. मी घरातला दिवा उचलला. पाहुण्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. टेबलावरचा राहिला, आणि तो माझ्याशिवाय कुणी उचलू शकत नव्हतं. त्यांनी हात लावला असता तर मीच त्यांच्या अंगावर धावलो असतो. आणि वर मी त्यांनाच म्हणत होतो, भीक घालता.

"चल," मी म्हटलं.

"किधर?"

"हॉलवर. रिक्षाचं तू बघ."

"मैं कायकू? तुम बुलारे."

आम्ही पोचलो तेव्हा करमाडवाला टेबलाच्या दांड्यांना शिलाई मशीनचं तेल घालत होता. मला बघून म्हणाला, "या, मॉलवाले. आता आम्ही बी जिना सरकता करतो, मग तरी येताल का?"

मी टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. तिथं खाली पाट होता. ती उंचीनं कमी, तिला वाकता यायचं नाही म्हणून पाटावर उभी राहायची. करमाडवाला तेलाची बुधली धरून तसाच राहिला. मी पाट पायानं भिंतीकडं सारला. मला तो उंच झाला असता. मुठीवर तिनं जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती, घामानं हात सटकू नये म्हणून. माझा पंजा मोठा, पट्टी हातात रुतली. मी दांडा पुढं-मागं सरकवून पाहिला. गुळगुळीत चालत होता. इतके दिवस त्या दांड्यावर कुणी खेळलं नव्हतं, पण तेल मिळत होतं.

"म्या मागं," मी करमाडवाल्याला म्हटलं. "तू इकडं ये, माझ्या जागेवर."

"म्या? म्या जन्मात पुढं खेळलो नाय."

"मग आता खेळ. जन्म संपला नाय अजून तुझा."

"आन् मिस्त्री?"

"तो एकटा बास हाय आपल्या दोघांना."

मिस्त्री समोर उभा राहिला. चार दांडे, दोन हात. "तयार?" म्हणाला. आम्ही तयार म्हटलं.

मी त्या जागेवरून कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या जागेवरून समोरचा गोल दिसतो, आपण तिकडंच बघत असतो. मागच्या जागेवरून समोर मिस्त्रीचे तीन बाहुले दिसतात, अगदी तोंडावर, आणि त्यांच्या पलीकडं त्याचं मनगट. दुसरं काही नाही. ती इतकी वर्षं रोज संध्याकाळी हे बघत उभी राहायची. मला वाटायचं, मागं काय काम असतं, अडवायचं तर असतं. मनगट हलतं ते बघून बाहुला हलवायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. त्याच्या आधीचं काहीतरी बघावं लागतं. ते काय, हे मला माहीत नाही. तिला विचारायचं राहिलं.

चेंडू मिस्त्रीच्या मधल्या बाहुल्यापाशी आला. त्यानं तो दाबून धरला आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मार." त्यानं मारला. मला दिसला नाही, ठक्क आवाज आला आणि चेंडू माझ्या गोलातून खाली गडगडत गेला. मिस्त्रीचं तोंड असं झालं की आता रडतो.

"असा मार," मी म्हटलं. "काढ चेंडू."

त्यानं परत मारला, परत गोल. तिसरा मी अडवला, कसा ते विचारू नका, बाहुला तिथं होता. करमाडवाल्यानं तो घेतला आणि पुढं मारायचा तर सवयीनं मागं, माझ्याकडंच मारला. मी ओरडलो, "पुढं बघ की रं, गाढवा!" "म्या सांगितलं होतं तुला!" तो माझ्यावर ओरडला. मिस्त्री हसायला लागला. हसता हसता त्यानं चेंडू घेतला आणि असा हाणला की तो गोलाच्या तोंडाशी ठक्क करून आपटला आणि उसळून परत टेबलावर आला.

"गोल!" मिस्त्री म्हणाला.

"कशाचा गोल? गोलाच्या बाजूच्या खांबाला लागून आला."

"अंदर जाके आया भाई! आवाज नै सुने?"

"आवाज खांबाचा होता."

"गोल झाला," करमाडवाला म्हणाला.

मी त्याच्याकडं वळून पाहिलं. "अरं, तू माझ्याकडून खेळायलास!"

"व्हय, पण गोल झाला ना. म्या बघितला."

बसलेले उठून टेबलाभोवती आले. कुणी म्हणालं आत गेला, कुणी म्हणालं नाही गेला. एकानं चेंडू गोलातल्या मागच्या फळीवर आपटून दाखवला, दुसऱ्यानं खांबावर. चहा आला, कुणी घेतला नाही. मिस्त्री टोपी काढत होता आणि घालत होता. मी मूठ सोडली नाही आणि गोलही कबूल केला नाही. करमाडवाला अजून मला भेटला की म्हणतो, तो गोल होता. माझं म्हणणं आजही तेच आहे, चेंडू खांबाला लागला.